ह्यांचं खातं

ता. ४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आज कपडे घडी करताना वसतिगृहातलं आपलं कपाट आठवलं. शाळेने दोघी बहिणींना मिळून एकच दिलं होतं. वरचा कप्पा तुझा, खालचा माझा अशी वाटणी करून तू तुझ्या दाराला बोटभर कुलूप लावलंस. आत काय, तर एक कंगवा, दोन रिबिनी आणि साबणाची झिजलेली वडी. किल्ली गळ्यात. मग दोरा तुटून किल्ली कुठेशी पडली आणि तू झिंज्या पिंजारून प्रार्थनेला उभी राहिलीस, पण माझा कंगवा काही घेतला नाहीस. सिस्टर तुझ्याकडे बघत होत्या आणि मी ओठ चावून हसू दाबत होते.

आता तसंच एक कुलूप माझ्या घरात आलंय आणि मला अजिबात हसू येत नाही.

तुझा भाचा, आमचा इंजिनिअर, मागच्या महिन्यात येऊन गेला आणि जाताना घरच्या संगणकाला पासवर्ड लावून गेला. कारण तुला अर्धवट ठाऊक आहे. ह्यांना कुणा परक्या माणसाचा फोन आला की तुमचा संगणक आजारी आहे, मी सांगतो तसं करा. जन्मभर इस्पितळाच्या औषधखिडकीमागे उभा राहिलेला माणूस. आजारी म्हटल्यावर ह्यांनी पुढे काही विचारलंच नाही. तो सांगेल ती बटणं दाबली. त्या भामट्याने आत शिरून ह्यांच्या नावाने सगळ्या जुन्या सहकाऱ्यांना भलभलते निरोप धाडले. हे बिचारे कित्येक दिवस कुणाचा फोन घेईनात.

पण मला सांग, तो चोर काय आमच्या खुर्चीत येऊन बसला होता? तो आला तारेतून. कुलूप लावलं खुर्चीपुढे. आणि त्या खुर्चीत बसतं कोण, तर हे!

ह्यांचं विसरणं वाढलंय. चष्मा फ्रिजमध्ये सापडतो. पण चहा झाला की संगणकापुढे बसून नातीला निरोप लिहायचा, हे कधी चुकलं नाही. खिडकीतून दिसेल ते लिहायचं. समोरच्या बाईंनी पायपुसणं झटकलं, मांजर कुंडीत झोपलंय, असलं काहीतरी. ती शाळेच्या बसमधून उत्तर द्यायची. आता तो पडदा रोज पासवर्ड मागतो. मी तो मोठ्या अक्षरात लिहून शेजारी चिकटवलाय. त्यात एक मोठं अक्षर, चार बारीक, आकडे आणि मध्येच एक चांदणी! हे कागदाकडे बघतात, मग बटणांकडे, तोवर कागदावरचं विसरतात. मी टाकू लागले तर माझा हात बाजूला करतात. काल मला हळूच विचारलं की मला कामावरून काढलं असेल तर तसं स्पष्ट सांग.

मी कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात जाऊन बसले. घरच्या संगणकाला कुलूप लागतंच का गं? तू बँकेतली. खरं काय ते कळव.

तुझी,
टेकीला आलेली ताई


ता. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा कंगवा घेतला नाही हे सगळ्यांना सांगतेस. त्याला दात किती उरले होते, तेही सांगत जा.

कुलपाचं मला विचारणं म्हणजे सोनाराला सोनं हवं का विचारण्यासारखं. आमच्या शाखेत एक बाई पडदा उघडा टाकून हात धुवायला गेल्या. परत येतात तो त्यांच्या नावाने साहेबांना राजीनामा गेलेला. शेजारच्याने केलेली थट्टा. साहेबांनी तो मंजूर केला, तीही थट्टाच. पण बाई रडून रडून अर्ध्या झाल्या आणि पुढे पाणी प्यायलासुद्धा खुर्ची सोडेनात. तुझं घर तर काय, धर्मशाळा. शेजारीण तिकीट काढायला येते, तिची मुलं चित्रं छापायला, नळवाला गाणी लावायला. उद्या कुणी तो डबा उचलूनच नेला तर तुमची बिलं, कागद, फोटो सगळं आयतं त्याच्या ताटात. तेव्हा कुलूप हवं, हे माझं मत पक्कं.

मात्र तुझं एक म्हणणं माझ्या डोक्यातून जात नाही. तारेतला चोर असल्या पासवर्डने थांबत नाही, हे माझ्यापेक्षा भाच्याला जास्त कळतं. त्याचा तो धंदाच आहे. मग त्याने तो कुणासाठी लावला? मी तर्क करत बसत नाही, तू त्यालाच विचार. आईने मुलाला विचारायची चोरी आहे का? आणि फोनवर विचारू नकोस, तुम्ही दोघं फोनवर फक्त भांडता.

भावोजींना नमस्कार. त्यांना कामावरून कुणी काढलेलं नाही, असं धाकट्या मेहुणीने कळवलंय म्हणून सांग.

माझ्यावरची माया रागापेक्षा थोडी जास्त ठेव.

तुझी,
धाकटी


ता. १९ मार्च

ती. आईस,
सा. न.

मला कागदावर पत्र लिहायला लावणारी जगात तू एकटीच. पण बरं झालं. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

कुलूप कुणासाठी लावलं असं विचारलंस. बाबांसाठीच.

तो माणूस पुन्हा फोन करणार. एकदा फसलेल्याचा नंबर ते जपून ठेवतात. आणि बाबा पुन्हा बटणं दाबणार, कारण मागच्या वेळचं त्यांच्या लक्षात नाही. चोराला आत घेणारे हात त्यांचेच आहेत, हे तुला कितीदा सांगू? घर म्हणजे बँक नव्हे, असं तू मला ऐकवतेस. मग निस्तरायला मलाच का बोलावतेस?

दुसरं कारण तुला सांगितलं नव्हतं. बाबा माझ्या लेकीला एकाच सकाळी तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत होते. ते मी चालवून घेतलं. मग ते तिला आपली बहीण समजून लिहायला लागले. आत्याला जाऊन किती वर्षं झाली! आई तुझ्याकडे आहे का, मला घ्यायला कधी येणार, असलं सगळं. माझी लेक ते बसमध्ये एकटी वाचते. आजोबा तिला असे आठवावेत, असं मला वाटत नाही. आणि बाबांना थांबा कसं सांगायचं, ते मला जमत नाही. इतक्या लांबून मी करणार काय? मला कुलूप लावता येतं, तेवढं लावलं.

आता रागावायचं तर रागाव, पण जेवण टाळू नकोस.

तुझा,
नेहमीचा गुन्हेगार


ता. ७ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

उशीर झाला, पण घरात मधल्या काळात रामायण होऊन गेलं.

इंजिनिअरचं पत्र वाचून आधी मी संतापले, मग त्याची कीव आली, मग पुन्हा संतापले. शेवटी नातीलाच फोन केला. पोरगी शांतपणे म्हणाली की तिला केव्हाच कळलं होतं. आजोबा आत्या समजून लिहायचे तेव्हा ती आत्या होऊनच उत्तर द्यायची, आई येतेय, वाटेत आहे, असं. तोच निरोप पुन्हा आला तर दर वेळी वेगळं उत्तर, म्हणजे आजोबांना कंटाळा येऊ नये. निरोप बंद का झाले असं तिने घरी विचारलं, तर आजोबा दमलेत असं सांगितलं गेलं. बघ म्हणजे! ज्या दोघांसाठी कुलूप, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मग तिनेच फोनवर सांगून मला तो पासवर्ड काढून टाकायला लावला. सकाळी हे बसले, पडदा आपोआप उघडला. मी दारात उभी, आता खूश होतील म्हणून. ह्यांनी चटकन दोन्ही हात मागे घेतले, उठले आणि माझ्यापुढे येऊन ताठ उभे राहिले. हे कुणीतरी उघडलंय, मी कशाला हात लावलेला नाही, असं म्हणाले.

तुला माहीत आहे, इस्पितळात विषारी औषधांच्या कपाटाची किल्ली ह्यांच्याकडे असायची. कपाट उघडं सापडलं तर आतल्या वस्तूला स्पर्श न करता वरिष्ठांना कळवायचं, असा नियम होता. आता वरिष्ठ मी! अगं, रोज सकाळी मला वर्दी! मी समजावलं, चिडले, एकदा तर वरिष्ठ या नात्याने हुकूम सोडला. उपयोग शून्य. तिकडे नात वाट बघतेय आणि इकडे हे उघड्या पडद्याला हात लावायला तयार नाहीत. कुलूप असताना अडचण, नसताना दुप्पट अडचण. मी भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी होतं.

शेवटी इंजिनिअर रजा काढून आला. आमचं दोघांचं रीतसर भांडण झालं, आणि मग त्याने एकाच संगणकात दोन खाती केली. एक माझं, त्यात बिलं, बँक, फोटो. दुसरं फक्त ह्यांचं. त्यातून नातीला लिहिता येतं, बाकी कुणा परक्याने संगणकाला कितीही आजारी ठरवलं तरी त्यातून काही होत नाही. पासवर्ड ह्यांनीच ठरवावा, असं त्याने वडिलांना सांगितलं. तर ह्यांनी आम्हा दोघांना खोलीबाहेर काढलं! इंजिनिअरने हात जोडले, बाबा, निदान एकाला तरी सांगून ठेवा. ह्यांनी त्याला समजावलं की किल्ली एकाकडेच राहते, दोघांकडे गेली की काही हरवल्यावर जबाबदार कोण? पोराने बाहेरून दार ओढून घेतलं. मला मात्र हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी विसरणार याची मला खात्री होती. हे बसले आणि बोटांनी टकटक करून आत गेले. काय टाकलंत, असं विचारलं तर म्हणाले, आठवत नाही. खोटं नव्हतं ते. बोलताना आठवत नाही, बोटांना आठवतं. गोळ्या मोजताना जिभेवर आकडा नसायचा, तसंच. मी वाकून पाहिलं तर मला कळेल. पण तेवढा वेळ मी खिडकीकडे तोंड करून उभी राहते.

तू जिंकलीस असं मुळीच लिहू नकोस. चोरांसाठी फोन आता मी उचलते, आणि संगणक आजारी आहे म्हणणाऱ्याला मरू दे म्हणून सांगते.

पण बोटंही एक दिवस विसरतील, धाकटे. त्या सकाळी मी काय करणार, मला माहीत नाही. त्यानंतरचं, हे नसतील तेव्हाचं, मात्र आत्ताच ठरवून ठेवते, कारण तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नसेल. इंजिनिअर म्हणतो की मनात आणलं तर तो कुठलंही खातं उघडू शकतो. ह्यांचं उघडायचं नाही. हे त्याला माझ्या वतीने तू सांगायचंस, माझ्या बोलण्याने तो वाद घालतो.

ह्यांचा चिनी मातीचा खल तुला. तुझा डोळा पहिल्यापासून आहेच त्यावर. पांढरा कामाचा कोट इंजिनिअरला, लहानपणी तो त्याच्या खिशात हात घालून झोपायचा. माझं खातं तुम्हा दोघांचं. त्याला तोच जुना चांदणीचा पासवर्ड आहे, इंजिनिअरला पाठ आहे, आत शिरून काय हवं ते वाचा, नाही आवडलं तर भांडा.

संगणक नातीला. ह्यांचं खातं आहे तसं, बंद. आतलं सगळं ह्यांनी तिलाच लिहिलेलं आहे, म्हणजे ते तिच्याकडे आधीच पोचलंय. तरीही उघडावंसं वाटलं तर तिने उघडावं. आपण कुणी तेव्हा त्या खोलीत थांबायचं नाही.

लोभ वाढवत राहा, पत्राचं उत्तर लवकर धाड.

तुझी,
ताई