न घेतलेला दुमेला

थाबा-त्सेका, लेसोथो

आदरणीय मामा,

भाच्याचा टोपी काढून दुमेला. (कागदावरचा नमस्कार तरी घ्यावा, घोडा माघारी फिरवू नये.) तुमचा गुडघा, मामी आणि पांढरा घोडा ठीक असतील अशी आशा. आम्हीही ठीक, फक्त मला ऐकू येत नाही.

सारा जन्म सरहद्दीपलीकडच्या खाणीत खडकाला भोकं पाडण्यात गेला. कानात घालायला बोळे मिळत, पण ते घातले की डोक्यावरचा खडक कुरकुरलेला कळत नाही. म्हणून आम्ही सगळेच बोळे खिशात ठेवायचो. (जीव राहिला, कान गेले. सौदा वाईट नाही.) गेलेल्या कानांची भरपाई मिळते, त्यातून कानाला लावायचं यंत्र येईल आणि नात काय बोलते ते कळेल, असं लिनेओच्या आईने ठरवलं. सध्या नात बोलते आणि मी मान हलवतो. त्या भरात तिला एक कोकरू देऊन बसलोय.

परवा तपासणी झाली. दार उघडून डॉक्टरीणबाई आल्या, त्यांचे ओठ हलले. आलेल्या माणसाचे ओठ हलले तर आपल्यात दुसरं काय असणार? मी उठून दुमेला घातला, त्यांच्या आईवडिलांची, गुराढोरांची चौकशी केली. लिनेओची आई कोपराने ढोसत होती. मला वाटलं, पावसाचं विचारायचं राहिलं, तेही विचारलं. बाई खूश! "आजोबांना तर माझ्याहून चांगलं ऐकू येतं की!" म्हणाल्या. (हे मला घरी हातवाऱ्यांनी सांगण्यात आलं.) मग तपासणीच्या यंत्रातला एकही आवाज मला ऐकू आला नाही, तर म्हणे म्हातारा सोंग करतो. दावा बारगळला. लिनेओची आई वाटभर माझा उद्धार करत होती, त्यातलं काही ऐकू आलं नाही एवढंच सुख.

वाईट वाटतं ते निराळंच. परक्या बाईचा दुमेला मी न ऐकता घेतला, आणि आमच्या लेकीच्या, लिनेओच्या लग्नात तुम्ही पाठीमागून घातलेला घेतला नाही. मी बैल सोलत होतो, मामा. वळलो तेव्हा तुमच्या घोड्याची धूळ तेवढी दिसली. तुमच्या वाट्याचं मांस घरात कुणालाच खाववलं नाही.

तुमचा भाचा,
मोखेथी

ता. क. : पुढच्या महिन्यात फेरसुनावणी आहे, साक्षीदार हवा. मी तुमचा अपमान केल्याचं तुम्ही डोंगरापलीकडेही सांगितलंय असं कळतं. तेच साहेबांना सांगाल का? रागाने सांगितलंत तर अधिक बरं.

पुन्हा ता. क. : तिथे माझ्या पाठीमागे उभं राहून जोरात दुमेला घाला. मी वळणार नाही. साहेबांचं लिहून होईपर्यंत समोर येऊ नका, ओठ दिसले की मी उत्तर देऊन बसेन. मग मात्र या, मामा. दाव्याचं काहीही होवो, लग्नातला तुमचा दुमेला अजून घ्यायचा राहिलाय.