नदीजोगी काच

बदलापूर गाव
१८ फेब्रुवारी १९९५

प्रिय उमा,

गेल्या सोमवारी सकाळी मी अंघोळ-पूजा आटोपली, धुतलेला सदरा घातला, तपकिरी काचेचा गॉगल डोळ्यांवर चढवला आणि पारावरून चालत गेलो. मागच्या गल्लीची वाट होती, पण मुद्दाम पारावरून गेलो. तुझे थोरले काका शंकरराव आणि त्यांची नेहमीची मंडळी तिथे चहा पीत बसली होती. सदू सुतार म्हणाला, "हिरामण, डोळं आलं का रं?" मी म्हटलं, आले नाहीत, होते तेच आहेत. बाकीचे हसले. काका हसले नाहीत, गॉगलकडे बघत राहिले. माझ्या हातात गळाची काठी नव्हती, हे मात्र त्यांच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही.

काकांनी तुला काय लिहिलं ते तुझ्या पत्रावरून कळलं. बाबा चामटोलीच्या एका विधवा बाईबरोबर नदीवर बसतात, हिरोसारखा गॉगल लावून हिंडतात, घराण्याची मान खाली गेली. तू विचारलंस, हे खरं का, आणि शशिकांतरावांनी मस्कतहून पाठवलेला गॉगल तुम्ही विकलात का. दोन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून गॉगलपासूनच सुरू करतो.

जावईबापूंनी प्रेमाने पाठवलेली वस्तू. करडी काच, वरून निळा आरशासारखा मुलामा. सुट्टीच्या दिवशी ते समुद्रावर गळ टाकतात तिथे तो उत्तमच असणार. पोलराइज्ड काच पाण्यावरची चकाकी अडवते आणि खालचं दिसतं, असं तू लिहिलं होतंस. ते खरं निघालं. एका रविवारी भर दुपारी पुलावरून पाहिलं, तर ज्या डोहात मी जन्मभर गळ टाकत आलो त्याचा तळ मला पहिल्यांदा दिसला. शेवाळलेले दगड, आणि एका दगडाच्या सावलीला शेपूट हलवत उभी राहिलेली मरळ. माझे हात आपोआप जोडले गेले. तुझी आई असती तर हसली असती. नदीवरून आलो की माझे डोळे लाल होऊन गळायचे, आणि ती म्हणायची, तुम्ही माशाला पकडता की मासा तुम्हाला?

पण आपली उल्हास नदी म्हणजे समुद्र नव्हे. इथे मासा लागतो तो ऊन चढायच्या आधी, झाडांच्या सावलीत, गढूळ पाण्यात. तिथे ती करडी काच म्हणजे अमावस्याच. दगड समजून पाय टाकला तो थेट पाण्यात, आणि कमरेपर्यंत भिजलो. शेजारच्या दगडावर वेणू बसली होती. काकांनी जिच्याबद्दल लिहिलं तीच. ती म्हणाली, "दादा, गॉगल काढा न् मग पडा. निदान कुठं पडताव ते तरी दिसल."

कोणी मायेने दिलेली वस्तू कपाटात कोंडून ठेवणं मला बरं वाटेना. उल्हासनगरला लछमनदासच्या दुकानात ती घेऊन गेलो. त्याने काच उजेडाला धरली आणि म्हणाला, "साईं, ये समुंदर का माल है. नदी को नहीं चलेगा." मग त्याने सगळे रंग मांडले. खरी काच ओळखायची खूणही त्यानेच दाखवली. दोन काचा एकीवर एक आडव्या-उभ्या धरायच्या, काळोख झाला तर खऱ्या. नुसती रंगवलेली काच असेल तर काळोख होत नाही. मी त्याच्याकडून स्टीलची थाळी मागितली, पाणी ओतलं, तळाशी नाणं टाकलं आणि दुकानासमोर उन्हात उकिडवा बसून एकेक गॉगल लावून बघत राहिलो. येणारे-जाणारे थांबून बघू लागले. बघू देत. हिरव्या काचेत डोळ्याला गार वाटलं, पण नाणं काही उठेना. तांबूस तपकिरी काचेत ते पाण्याबाहेर काढून ठेवल्यासारखं दिसलं. पिवळी लावून दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात गेलो, तर तिथे कोणी दिवा लावल्यासारखं झालं. आरशाचा मुलामा नको म्हटलं, पहाटेचा उजेड मुळात थोडा, त्यातला निम्मा परत कशाला पाठवायचा? आतल्या बाजूचा लेप मात्र हवा, नाहीतर पाठीमागचं ऊन काचेवर पडून आपलाच डोळा आपल्याला दिसत राहतो. ओरखडे न पडणारा लेपही मागून घेतला, कारण काठावर वाळू फार. निळ्या आरशावर कॉलेजची पोरं तुटून पडतील, हे लछमनदासला ठाऊक होतं. त्याने त्याच्या बदल्यात दोन गॉगल आनंदाने दिले, एक तपकिरी आणि एक पिवळा.

पिवळा वेणूचा. ती बसते उंबराखाली, जिथे उजेड सगळ्यात शेवटी पोचतो, आणि उन्हाची वाट बघायला तिला वेळ नसतो. अंबरनाथच्या कारखान्यात पॅकिंगला जायचं असतं. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. गळ टाकायला तिच्या बापाने शिकवलं. आम्ही दोन दगडांवर बसतो, गांडुळांचा डबा मधे. बोलणं थोडं. सोमवारी मी गळ टाकत नाही, ड्यूटीच्या आधी अंबरनाथला महादेवाच्या दर्शनाला जातो, हे तुला माहीतच आहे. मंगळवारी ती न चुकता विचारते, "देव काय म्हनला?" आणि माझ्याकडेही कोणाला सांगण्यासारखं काही असतं, हे मला आठवतं. गॉगल तिने आधी घेतला नाही. माझ्यासारखीनं लावला तं लोकं काय म्हनतील, म्हणाली. मी म्हटलं, लोक म्हणतीलच, तू पाणी बघ. तिने तो लावला, उंबराखालच्या पाण्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "वाम हितं बसलीय, आन् मी इतकी वरसं तिकडं गल टाकतंय." त्या दिवसापासून तिने मला दादा म्हणणं सोडलं. त्या जागी दुसरं काही ठेवलं नाही.

त्यानंतर काका घरी आले. म्हणाले, पन्नाशीला टेकलास, भजनात झांज वाजवतोस, शोभतं का? नदी सोड, नाहीतर भजनाला येऊ नकोस आणि माझ्या दारातही. मी उठलो, खुंटीवरची झांज काढली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. सातवीनंतर शाळा सोडायची हे त्यांनी ठरवलं, नोकरी त्यांनी ठरवली, तुझ्या आईचं स्थळही त्यांनीच आणलं. त्या एका गोष्टीसाठी मी जन्मभर त्यांच्या पाया पडेन. पण एक स्थळ सोन्यासारखं निघालं, म्हणून माझं म्हातारपणही त्यांनीच ठरवायचं, हे मला मान्य नाही. देवाचं नाव घ्यायला मला झांज लागत नाही, मासा धरायला त्यांची परवानगी लागत नाही, आणि कोणाशेजारी बसायचं हे मला आता कळतं.

तू लिहिलंस, बाबा, ते सगळं सोडा, आमच्याकडे या, इथला समुद्र बघा. येईन गं, बघायला येईन. पण राहायला नाही, आणि सोडून तर नाहीच. काकांनी दार लावलं तर मी दुसऱ्या रस्त्याने जाईन. तू लावलंस तर मला दुसरा रस्ता नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. ते ठाऊक असूनही मी पुढचं केलं, म्हणून हे पत्र.

सोमवारी पारावरून मी सरळ वेणूच्या दाराशी गेलो. ती तयार होती. हिरवं लुगडं, आणि डोळ्यांवर पिवळा गॉगल. मी लाव म्हटलं नव्हतं. आम्ही दोघं त्याच पारावरून परत आलो, शेजारी शेजारी, आणि या वेळी सदूने हातातला चहा खाली ठेवला. ठाण्याच्या कचेरीत लग्नाच्या सह्या आदल्या आठवड्यातच झाल्या होत्या. अंबरनाथला तिचा भाऊ रघु हार घेऊन उभा होता आणि लछमनदास मिठाईचा डबा घेऊन. पायऱ्या उतरून आम्ही गाभाऱ्यात गेलो. मला काहीच दिसेना, तेव्हा वेणू कानाशी म्हणाली, "आता तरी काढा. देव बघायचाय का मासा?" मी गॉगल काढला, तिनेही काढला, आणि पिंडीसमोर आम्ही एकमेकांना हार घातले. कितीतरी सोमवार मी महादेवाला विचारत होतो. त्याने एकदाही नाही म्हटलं नाही. तुला आधी विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस तर मी थांबलो असतो, आणि मला थांबायचं नव्हतं. गॉगल बदलून घेतला, त्याबद्दल जावईबापूंची माफी मागतो. बाकी कशाचीही मागत नाही.

तुझाच,
बाबा