मेहुण्याचे निरोप

४ फेब्रुवारी, मंगळवार

छत्तीस किका! मोजल्या. सदतिसाव्या किकेला चप्पल पायातून निसटून समोरच्या भिंतीवर आपटली. ही दारातूनच म्हणाली, "झालं? आता दुसऱ्या पायानं मारा."

गाडी ढिम्म. खोकलीसुद्धा नाही. तीन वर्षं जिन्याखाली उभी आहे. पण रोज सकाळी फडक्यानं पुसतो, रविवारी पॉलिश. टाकीत बघून दाढी करावी इतकी चकचकीत. ही म्हणते, "अंगाला पावडर आणि पोटात उपास."

आजच हे खूळ का घेतलं? लिहून टाकतो, इथं कोण वाचतंय. मेहुणा हे गाव सोडून चालला. तेवीस तारखेला, कायमचा, मुलीकडे. ही काल भाजी निवडता निवडता सहज बोलल्यासारखं बोलली.

दहा वर्षं झाली, मी आणि तो एकमेकांशी बोललेलो नाही. शाळेत एका बाकावर बसलेली माणसं!

मनाशी ठरवलंय— तो जायच्या आत त्याच्या दारात जायचं. पण या गाडीवरूनच. ही जुनी गाडी आम्ही दोघांनी मिळून घेतली होती. त्याच्या बहिणीशी माझं ठरलं तेव्हा म्हणाला, "बहीण देतोच आहे, माझी अर्धी गाडीही घेऊन टाक." त्या गाडीवरून उतरलो की निम्मं बोलणं गाडीच करील. रिक्षातून उतरून काय सांगू?

५ फेब्रुवारी, बुधवार

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवर टिचकी मारली. "आजोबा, हिचे पार्ट आता कुठं मिळतात? शोभेला ठेवा. वर दोन कुंड्या ठेवा, छान दिसेल."

कुंड्या! जिच्या फटफटण्याला चाल होती तिच्यावर कुंड्या! रिकाम्या रस्त्यावर मी तिच्या ठोक्यांवर शाळेतल्या कविता म्हणत जायचो. चढावर यती, उतारावर द्रुत लय. मागं बसलेला मेहुणा पाठीवर बोटांनी मात्रा मोजायचा. छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासली. पण वृत्तं शिकलो ती त्या सीटवर.

गुडघा सुजलाय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आमच्या मुलीचा फोन. "बाबा, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस किक मारतो का?" म्हटलं, "बटण असतं तर बटण दाबलं असतं."

ही रोज दुपारी भावाकडे सामान बांधायला जाते. आज निघताना म्हणाली, "दादाला विचारू का? या गाडीची नस त्याच्याइतकी कुणाला ठाऊक?"

"विचार. पण मी विचारलं म्हणून सांगू नकोस."

"मग कुणी विचारलं म्हणून सांगू? गाडीनं?"

संध्याकाळी उत्तर घेऊन आली. पदराला हात पुसत अगदी त्याच्या ठसक्यात— "दादा म्हणतो, आधी टाकीतलं तीन वर्षांचं पेट्रोल ओतून दे. कविराजांना म्हणावं, पेट्रोल म्हणजे कविता नव्हे, ठेवून मुरायला!"

मी कपाळाला आठ्या घातल्या. मग मोरीत जाऊन पोटभर हसलो. कविराज! शाळेपासूनचं नाव. दहा वर्षांत कुणी हाक मारली नव्हती.

८ फेब्रुवारी, शनिवार

जुनं पेट्रोल काढलं. व्हार्निशसारखा वास. नवं भरलं. पंधराव्या किकेला एक खोकला. एकच— पण खोकली!

९ फेब्रुवारी, रविवार

आज पॉलिश करता करता तेच आठवत राहिलं. लिहूनच काढतो.

माझ्या निवृत्तीचा समारंभ. मी स्वतः रचलेली निरोपाची कविता म्हणत होतो, आवाज भरून आलेला. पहिल्या रांगेत मेहुणा मांडीवर बोटं आपटत होता. कविता संपली, टाळ्या पडायच्या आत त्याचा आवाज— "तिसऱ्या ओळीत एक मात्रा कमी पडली, कविराज!" सगळा हॉल हसला. तोही हसला. त्याला वाटलं असेल, आमची नेहमीचीच थट्टा.

आणि मी माइकवरून म्हणालो, "नट पिळणाऱ्यानं नट पिळावेत. मात्रा त्याच्या आवाक्यातल्या नाहीत."

तो कारखान्यात फिटर. त्याचे सगळे सोबती तिथं बसलेले. उठला, टोपी घातली, गेला. त्यानंतर शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी घरी मोजून पाहिलं. मात्रा कमीच होती. मी, मुद्रितशोधक! तेच तर सलतंय. तो चुकीचा असता तर मी केव्हाच माफ केलं असतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरा निरोप. प्लग काढायचा, वायरीला लावून इंजिनाच्या लोखंडावर टेकवायचा, किक मारायची, ठिणगी दिसते का बघायची. नाही दिसली. लगेच तिसरा निरोप तयार. "दादा म्हणाला, नसेल ठिणगी तर पॉइंट घासायचे."

पॉइंट म्हणजे दोन इवलेसे धातूचे ओठ. भेटतात, दूर होतात. आणि दूर होताना ठिणगी पडते. काय कल्पना आहे! मला तिथंच ओळी सुचू लागल्या. चष्मा वर करून कागद शोधत होतो तर ही म्हणाली, "ते मागाहून. आधी घासा." हातात पॉलिश-पेपर दिला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

निळी ठिणगी. निळी!!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी बाईसाहेब नुसत्या फुरफुरतात. मी कार्ब्युरेटर खोलला. एक बारीक स्क्रू टणकन उडून जिन्याखालच्या अडगळीत. मी बॅटरी धरून ओणवा, हीही ओणवी. दोघांची डोकी आपटली. "लग्नात आपटायची राहिली होती ती," ही म्हणाली. स्क्रू तिलाच सापडला.

जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, गच्च तुंबलेला. फुंकून फुंकून डोळ्यांपुढं काजवे चमकले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आजचा निरोप जसाच्या तसा लिहितो. "दादा म्हणतो, हवेचा स्क्रू पूर्ण आवळायचा आणि मग दीड आटा सैल सोडायचा. एक नाही, दोन नाही. दीड."

दीड आटा! मी स्वतः विसरलो होतो. दहा वर्षं मी त्याच्या घराकडं तोंड केलं नाही, आणि यानं माझ्या गाडीचा दीड आटा जपून ठेवला.

चहा निवून गेला. हिनं दुसरा केला.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुरू झाली! तिसऱ्या किकेला! वरच्या मजल्यावरची नर्स खिडकीतून ओरडली, "काका, कान गेले!" मी ओरडलो, "कान आले म्हणा!" तीच चाल, तोच ठोका. मी जिन्याखाली उभ्या उभ्या तीन कडवी म्हटली.

चौथ्या कडव्याला बंद पडली. पाच मिनिटांनी पुन्हा सुरू. पुन्हा तीन कडवी, पुन्हा बंद. दिवसभर हाच खेळ. त्याचं घर तीन कडव्यांत गाठता येत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तीन कडवी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मी हिला म्हटलं, "राहू दे. तो जाईल, गाडी राहील. वर कुंड्या ठेवू." हिनं चपला घातल्या. नेहमीपेक्षा लवकर निघाली आणि लवकर परतली.

"दादा म्हणतो, बंद पडली की टाकीचं झाकण उघडायचं आणि कान द्यायचा."

उघडलं. सुस्कारा! टाकीनं फुस्स करून हवा आत ओढली. झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक असतं, आत हवा जायला. ते माझ्याच पॉलिशनं बुजलेलं! हवा नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. हिनं शिवणाच्या डब्यातली सुई आणून दिली आणि वर निरोपाची शेपटी जोडली— "त्याला म्हणावं, गाडीला रोज पुसतोस, माणसाला कधी पुसलंस?"

मी सुई हातात धरून बघतच राहिलो. पुसणं फडक्यानं, आणि पुसणं म्हणजे विचारणं. शाळेतल्या जुन्या कवितांमधला अर्थ! श्लेष! बिनचूक, धारदार, नेमक्या जागी. आणि याच माणसाला मी भर सभेत म्हणालो होतो की मात्रा तुझ्या आवाक्यातल्या नाहीत.

अर्धा तास अखंड चालली. मीच बंद केली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उद्या जातो. काय बोलायचं ते चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. शर्टाला इस्त्री केली. हिनं खांद्यावरची सुरकुती ओढून सरळ केली. "भाषण करू नका तिथं. नुसतं जा."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

गेलो! वाटेत एकदाही बंद पडली नाही. दारात पोचायच्या आधीच तो बाहेर येऊन उभा. गल्लीच्या तोंडाशीच आवाज ओळखला म्हणे. केस सगळे गेले. टोपी तीच.

मी इंजिन बंद केलं. पाठ केलेलं सगळं उडालं. म्हणालो, "मात्रा कमीच होती रे."

"एक नाही, दोन. दुसरी सांगितली नाही तुझी अब्रू राखायला."

"नट पिळणाऱ्याचं मी जे बोललो—"

"पिळलेच की आयुष्यभर. ते खोटं नव्हतं. माइकवरून बोललास, ते लागलं." असं म्हणून नाक शिंकरलं. मीही शिंकरलं. दोघं रिकाम्या खोलीत खोक्यांवर बसलो. कपसुद्धा बांधले गेले होते, म्हणून एकाच फुलपात्रातून आळीपाळीनं चहा.

मग बाहेर येऊन त्यानं स्वतः किक मारली. डोळे मिटून ऐकलं. "कुणी जुळवली? हात चांगला आहे."

नाटकी! मी डोळा मारला. "आहे एक उस्ताद." तो मानेनं नुसतं बरं म्हणाला आणि मागं बसला. गावाला दोन फेऱ्या मारल्या. पाठीवर त्याची बोटं चालू होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सातला टेम्पो भरून झाला. ही दोरी ओढून गाठी तपासत होती. मी मेहुण्याच्या कानाशी लागलो, "तिकडूनही निरोप पाठवत जा. तुझ्या निरोपांवरच गाडी सुरू झाली."

"कसले निरोप?"

"पेट्रोल, प्लग, दीड आटा—"

"अरे, तुझं नाव माझ्या घरात काढायचं नाही अशी तंबी होती तिला. दहा वर्षांत काढलं नाही तिनं." मग तो हिच्याकडं बघून हसायलाच लागला. "आपण गाडी खोलून बसायचो तेव्हा हातात पाने कोण देत होतं, लेका?"

टेम्पो गेला. किल्ली हातात घेऊन मी गाडीपाशी उभा राहिलो. संसाराच्या पंचेचाळीस वर्षांचं हिला विचारायचं राहिलंय, कुठून सुरुवात करू?

ही म्हणाली, "बघत काय राहिलात? गार झालीये ती. चोक ओढा आधी."