दुसऱ्याच्या दारातली रांगोळी

पेरूर, कोईमतूर
१८ नोव्हेंबर

चि. मुरुगेसन यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझ्या कानाला काही पोचत नाही, आणि मी ओरडले की शेजारी गोळा होतात. तेव्हा आपलं पत्रच बरं. ठरल्याप्रमाणे पोंगलपर्यंत इथे राहून बघते. नाहीच रमले तर कुंभकोणमला तुझ्याकडे येईन. वरची खोली कोणाला देऊ नकोस.

या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत उठलं की मंडळ, बसलं की मंडळ. भजनाचं, सुतारकामाचं, दवाखान्यात सोबतीला जाणाऱ्यांचं. मी कशातच नाही. फक्त पहाट मंडळ कोणाला सोडत नाही. रोज सकाळी ज्याने त्याने आपल्या दारात रांगोळी काढायची. उजाडलं की मंडळाची फेरी निघते. रांगोळी दिसली तर घरातलं माणूस ठीक, नाही दिसली तर दार ठोठवायचं. प्रमुख आहेत देवसेना अम्मा. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, अजून सगळ्यांना चौथीतली पोरं समजतात.

माझ्या समोर सभापती नावाचे एक निवृत्त स्टेशनमास्तर एकटे राहतात. त्यांनी मंडळाला ठणकावलंय की रांगोळ्या काढणं आपलं काम नव्हे, आणि सकाळी उठून माझं दार कोणी बडवायचं नाही. त्यामुळे त्यांचा उंबरा रोज कोरा. आपल्यात दार कोरं कधी राहतं ते तुला सांगायला नको. घरात कोणी गेलं की! मला रोज ते बघवेना. काल डब्यात तांदळाचं पीठ उरलं होतं, त्याची त्यांच्या दारात रांगोळी काढली. देवसेना अम्मांना वाटलं, सभापती वठणीवर आले. दिवसभर मिरवत होत्या. मी आपली मान डोलावत होते. आमचे हे, तुझे अत्तान, गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर हसले.

घरी सर्वांना आशीर्वाद. माया करतोसच, तशीच करत राहा.
तुझी अक्का, वडिवु


कुंभकोणम
२६ नोव्हेंबर

ती. अक्कास मुरुगेसनचा शि. सा. न. वि. वि.

शाळेत माझी चित्रं तू काढायचीस आणि शाबासकी मी घ्यायचो. आता त्या स्टेशनमास्तरांची चैन आहे! काढत राहा. मुख्याध्यापिकेला फसवायचं राहिलं होतं, तेही आयुष्यात होऊन जाऊ दे. खोली तुझ्या भावजयीने, तिलकवतीने, झाडून ठेवली आहे. ती म्हणते, अक्का हौसेने आल्या तर डोक्यावर घेईन, पण रुसून यायचं नाही.

धाकट्यावर लोभ ठेवावा.
मुरुगेसन


पेरूर
१९ डिसेंबर

चि. मुरुगेसनास आशीर्वाद.

मला न्यायला ये.

मार्गळी महिना लागला म्हणून परवा पहाटे दोन्ही दारांत मोठी रांगोळी काढली, मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं फूल खोचलं. फेरी आली तेव्हा देवसेना अम्मा सभापतींच्या दारात थांबून फुलाचं कौतुक करून पुढे गेल्या. आणि आत तो माणूस न्हाणीत पडला होता. हाका मारत होता म्हणे. बाहेर भजन मंडळ गात चाललेलं, कोणाला ऐकू जाणार? वसाहतीच्या स्वयंपाकघरातून इडल्या आल्या, दार उघडेना, तेव्हा कळलं. खुब्याचं हाड मोडलंय, थंडीने काकडून गेले होते.

मी तिथल्या तिथे देवसेना अम्मांना सांगितलं की रांगोळी माझी होती. त्या रागावल्या नाहीत, फुलाचं कौतुक मीच केलं म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मुरुगेसन, महिनाभर रोज रांगोळी दिसल्यावर परवा त्यांचा उंबरा कोरा असता तर कोणीतरी दार ठोठवलंच असतं. मला आता इथे कोणाला तोंड दाखवायचं नाही.

अक्का


कुंभकोणम
२४ डिसेंबर

ती. अक्कास शि. सा. न.

काढत राहा असं मीच लिहिलं होतं, तेव्हा निम्मं माझ्याकडेही येतं. पोंगल झाला की गाडी घेऊन येतो. पण त्याआधी इस्पितळात जाऊन त्यांना भेट. तोंड चुकवून आलीस तर इथे खोली मिळेल, झोप मिळणार नाही. रागावू नकोस.

तुझा मुरुगेसन


पेरूर
१३ जानेवारी

चि. मुरुगेसन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं ऐकलं. इस्पितळाच्या दारातून दोनदा परत फिरले, मग गेले. सभापतींनी मला स्टुलावर बसायला सांगितलं. मग म्हणाले की रांगोळी तुम्ही काढता हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पुसून टाकायला पाण्याचा एक तांब्या पुरला असता. पण बायको गेल्यापासून दारात कोणी काही काढलं नव्हतं, म्हणून रोज कडेकडेने पाय टाकत जायचो. दोघांनाही रडू आलं. नंतर मला दटावलं की रडत काय बसलात, घरी आलो की शिकवा.

आता ते वॉकर घेऊन हिंडतात. वाकता येत नाही, म्हणून सुतार मंडळाने काठीच्या टोकाला रांगोळीची नळी बसवून दिली आहे. त्यांचं कमळ फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं दिसतं, पण हात त्यांचा स्वतःचा! ते बघून आणखी म्हातारे जमायला लागले. देवसेना अम्मांनी वर्ग माझ्या गळ्यात बांधला, आणि नियम केला की दुसऱ्याच्या दारात कोणी पिठाला हात लावायचा नाही. जमत नसेल त्याने नुसता ठिपका ठेवावा.

आज मला अंगभर ताप. उठवलंच नाही. तर दारावर धडाधडा थापा! उघडलं तर पुढे वॉकरवाले सभापती, मागे धापा टाकत देवसेना अम्मा, त्यांच्यामागे अख्खं भजन मंडळ. सभापती फेरीच्याही आधीपासून खिडकीतून माझा उंबरा बघत बसले होते. म्हटलं, अहो मेले नाहीये, ताप आलाय. भजनातली एकजण कळवळून माझ्या दारात काढायला बसली, तर सभापतींनी वॉकर आडवा घातला. नियम म्हणजे नियम. शेवटी मला खुर्चीत बसवून उंबऱ्याशी आणलं, डबा हातात दिला. मी वाकून एक ठिपका ठेवला. तो ठेवून होईपर्यंत सगळे थांबले होते. मग रसम आलं.

न्यायला येऊ नकोस. तिलकवतीला घेऊन राहायला ये. वरच्या खोलीत तिचं शिवणयंत्र ठेवा, उजेड चांगला आहे. आणि तू येशील तेव्हा सकाळी दारात ठिपका तुलाही ठेवावा लागेल, आतापासून हात वळव.

सर्वांना आशीर्वाद. जीव लावतोस, तो असाच लावत राहा.
तुझी अक्का, वडिवु