गोलात कोणाला उभं करायचं

बाबा,

आज चार वाजता करडीच्या टीमबरोबर फुटबॉलची फायनल आहे आणि माझा पाय घरात ठरत नाही. सकाळपासून दोनदा चहा ठेवला, दोन्ही वेळा उतू गेला. आता दुपारचा एक वाजलाय. मंडईच्या जत्रेसाठी लावलेला भोंगा मैदानावर कोकलतोय, दर पाच मिनिटांनी कोणीतरी फाटकातून डोकावून "मॅडम, टीम फायनल झाली का?" असं विचारतं, आणि मी हो म्हणून दार लोटते. मैदान तेच आहे, तलावाच्या खालची धानाची बांधी. धान कापलं की मधले धुरे मोडून सपाट करतात, चुन्याच्या रेघा मारतात. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, पण तलावाकडचा कोपरा अजून ओलाच राहतो, चेंडू तिथं रुतून बसतो, आणि टॉस जिंकला तर कोणती बाजू घ्यायची यावरून अजूनही शहाणी माणसं दोन-दोन दिवस एकमेकांशी बोलत नाहीत. मी शाळेत खेळ शिकवते म्हणून गेली सहा वर्षं मोहाडीची टीम आपल्याच अंगणात ठरते. तुमच्या हातमागासमोर ठरायची तशीच, फक्त आता माग नाही.

आज सकाळी सगळे जमले होते. पानठेलेवाला आला, शिंपीकाका आले, कॅप्टन आला, आणि दादा तर घरचाच. गोलकीपर दादाचा मुलगा आहे, माझा भाचा, एकोणीस वर्षांचा. मागच्या वर्षी त्यानं एकट्यानं टीम तारली होती. यंदा आसगावला एका पोराचा गुडघा त्याच्या छातीत बसला आणि तेव्हापासून तो गोलाची रेघ सोडत नाही. गर्दीत उंच चेंडू आला की हा पाय रोवून उभा राहतो. मी तर त्याला डोळे मिटताना पाहिलंय. तीन सामन्यांत चार गोल खाल्ले, चारही असेच.

"करडीवाले लांब थ्रो टाकतेत गा, थेट गोलाच्या तोंडात," पानठेलेवाला म्हणाला. "त्यायचा तो उंच पोट्टा डोक्यानं मारते. आपला गोली जागचा हालूनच नाही राहिला."

"फॉर्म येते अन् जाते," शिंपीकाका म्हणाले. "मांगच्या साली त्यानंच वाचवलं नं तुमाले?"

"मांगच्या सालचं जेवन यंदा पुरते का काका?"

मग कॅप्टननं तोड काढली की दोन जास्तीचे बॅक गोलापाशी ठेवू. "मंग समोर कोन खेळन, तू का तुहा बाप?" असं पानठेलेवाल्यानं विचारलं आणि सगळे हसले. दुसरा गोली आहे आमच्याकडे, तहसीलजवळच्या झेरॉक्सवाल्याचा मुलगा. बुटका आहे, पण चेंडू आला की आव देखा ना ताव, सरळ गर्दीत घुसतो. त्याचं नाव सगळ्यांच्या जिभेवर होतं, पण दादा खाटेवर बसलेला असताना ते कोण घेणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी, बाबा, अगदी तुमच्यासारखी खाली बघायला लागले.

अजून दिसतं मला: तुमचे मागाच्या खड्ड्यात पाय, समोर अर्धी विणलेली साडी, आणि दारापासून मागापर्यंत माणसं. मी कोपऱ्यात कांड्यांवर सूत भरतेय. धोट्याची खटखट चालू आहे तोवर सगळे एकाच वेळी बोलताहेत, कोणी लेफ्ट हाफला शिव्या घालतंय, कोणी सेंटर फॉरवर्डच्या टाचेचं पुराण सांगतंय. तुम्ही माग थांबवला की सगळे गप्प. मग तुम्ही माझ्या टोपलीतल्या कांड्या घेऊन जमिनीवर टीम मांडायचे. लाल सुताच्या कांड्या आपल्या, पांढऱ्या समोरच्यांच्या, आणि गोलकीपर म्हणून एक रिकामी कांडी. मी एकदा मध्येच बोलले होते, की लेफ्ट हाफ दुसऱ्या हाफमध्ये दमतो, त्याला मागे घ्या. बरोबर होतं ते. पण तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "तुले काय समजते वो? कांड्या भर चूपचाप." मी इतक्या भरल्या की त्या दिवशीचं सूत पुरलं नाही. तो लेफ्ट हाफ दमलाच, आणि ते तुमच्या लक्षात आलं हे मला माहीत आहे, कारण दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून येताना माझ्यासाठी गरम भजी आणली होती. असं का, हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही.

आणि मग ती फायनल, मी तेरा वर्षांची होते तेव्हाची. गोलात दादा. त्याच्याविषयी माणसं चाचरत बोलत होती, कारण पोरगा तुमचा. शेवटी तुम्ही माग थांबवलात आणि वळून मला म्हणालात, "बाई, तू रोज गोलाच्या मांगं उभी राह्यतं. तू सांग, दादाले ठेवाचं का?" आख्ख्या जन्मात तुम्ही मला तेवढं एकदाच विचारलंत. मला माहीत होतं, बाबा. डावीकडून आलेला चेंडू दादाला उशिरा दिसायचा. अंगणात मी चेंडू फेकायची तेव्हा तो डावीकडचे सोडायचा आणि मान वाकडी करायचा, मागावरचा तुटलेला धागा शोधताना करायचा तशीच. पण दादा दारात उभा होता, दात घासत, कान माझ्याकडे लावून. आणि मी इतकी फुगले होते तुम्ही विचारलं म्हणून, की तुम्हाला आवडेल तेच बोलले. "दादालेच ठेवा," म्हटलं. सगळे म्हणाले, वा. तुम्ही लगेच माग चालू केलात.

डावीकडून कॉर्नर आला, दादानं हात वर केला तेव्हा चेंडू जाळ्यात गेला होता. एका गोलानं हरलो. पोट्ट्यांनी पुढं कितीतरी दिवस त्याला "चाळणी" म्हणून चिडवलं. दादानं पुन्हा गोलात पाय ठेवला नाही, आणि वर्षभरानं पोलिस भरतीत धावण्यात पहिला येऊनही डोळ्यांवर बाद झाला. डॉक्टर म्हणाले, लहानपणीच दाखवायला पाहिजे होतं. आई मला म्हणाली होती, तुझा काय दोष? पण माझ्या मनातला तो डंख गेला नाही.

मी कित्येक वर्षं तुमच्यावर मात्र रागावले नव्हते. राग आत्ता आत्ता यायला लागलाय. कारण आठवून आठवून माझ्या लक्षात आलं की तुटलेला धागा जोडायला तुम्ही दादाला कधीच हाक मारली नाही, मलाच मारली. तो मोठा, तो मागावर बसणारा, तरी मला. म्हणजे त्याच्या डोळ्यांचं तुम्हाला ठाऊक होतं. तुमच्या तोंडून निघत नव्हतं म्हणून तुम्ही ते तेरा वर्षांच्या पोरीच्या तोंडात घालायला बघितलंत. चांगला न्याय हो! घरी बसून रोज रागावते मी तुमच्यावर, आणि आज सकाळी काय केलं माहीत आहे? खाली बघत बसले, आणि मग मान वर करून म्हटलं, "दादा, तू सांग."

त्याच्या मुलाचं, त्यालाच विचारलं मी. सगळ्यांसमोर.

दादानं तोंडातली सुपारी बाजूला थुंकली. रागावला नाही. "माह्या टायमाले कोनी बोललं नाही," तो म्हणाला. "बाबाले दिसत होतं, तुले दिसत होतं. मले सोडून साऱ्यायले दिसत होतं. अन् आता मले इचारून राह्यली? तू मॅडम हायेस नं? बोल."

सदतीस वर्षांनी त्यानं हे बोलून दाखवलं, आणि ते एवढ्या सपाट आवाजात की पानठेलेवाल्याला वाटलं तो टॉसबद्दल काही बोलतोय. भाचा नळापाशी बुटांचा चिखल धूत होता, पाणी चालू होतं, पण त्याचे हात थांबले होते. मी त्याच्याकडे बघून बोलले, निदान एवढं केलं. म्हटलं, "आज तू नको खेळूस बाळा. तू घाबरून राहिला. त्यात काही वाईट नाही, पण आज नको." त्यानं नळ बंद केला, आत जाऊन हातमोजे आणले आणि कॅप्टनजवळ दिले. मग मला विचारलं, "आत्या, बेंचवर तं बसू नं?" मी बस म्हटलं. दादा त्याच्यामागून उठून गेला, जाताना माझ्या डोक्यावर टपली मारून. म्हणजे तो ठीक असावा. मला खात्री नाही.

बाहेर सगळे म्हणताहेत मॅडमनं बरोबर केलं. बरोबरच केलं. तुमच्या वेळी मी जे केलं नाही ते आज केलं, तेव्हा आता निवांत बसायला हवं, तर दोन तासांपासून मी स्वयंपाकघर ते फाटक, फाटक ते स्वयंपाकघर करतेय. शेवटी हे लिहायला बसले. तुम्हाला हे पोचायचं नाही, आणि दादाच्या हाती तर मुळीच पडायला नको, म्हणून एक सांगून टाकते. झेरॉक्सवाल्याचा पोरगा भला आहे, त्यानं माझं काही वाईट केलेलं नाही. चार वाजता मी त्याच्या गोलामागं उभी राहीन, ओरडेन, शाबास म्हणेन. आणि करडीचा पहिला लांब थ्रो आला की मनात म्हणेन, सुटू दे याच्याही हातून. फक्त एक. मग जिंकलो तरी चालेल.