पार्बताबाईचा खिळा

मी, सूर्यभान वल्द नत्थुजी निमकर्डे, वय अंदाजे पासष्ट, धंदा बागाईत, राहणार अकोट, जिल्हा अकोला, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचा दाब नसताना हे मृत्युपत्र लिहवून ठेवतो. चालताना दम लागतो, डोकं शाबूत आहे. माझा मुलगा गोवर्धन म्हणेल, म्हाताऱ्याले भ्रम झाला होता. त्याचं ऐकू नये.

राहतं घर मी स्वतःच्या कमाईने बांधलं. ते माझ्या पश्चात मुलगी शकुन हिचं. पोरगा असताना पोरीला का, असं कोर्ट विचारील म्हणून कारण लिहवतो.

माझी बायको पार्बताबाई विधवा होती. तिच्याशी मी चारचौघांसमोर पाट लावला. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न असंच होतं, त्यात चोरी कसली? गोवर्धन आणि शकुन दोघं तिच्याच पोटचे.

गोवर्धन अमरावतीला कारकून झाला आणि दात घासायच्या पेस्टची नळी घरी आणू लागला. पार्बताबाईने ती दाताला कधी लावली नाही, दाताला तिची राखुंडी होती. पण चुलीचा चटका बसला की बोटाला पेस्ट, कंदिलाची काच पेस्टने लख्ख, पायातले चांदीचे तोडे पेस्टने पांढरे. भिंतीतला खिळा निघाला तर भोकात तीच भरायची, वरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "पाह्य गोवर्धन, दिसते का काई?" पोरगा खो खो हसायचा.

परवाच्या साली ती वारली. तिचा एकुलता एक फोटो मी बैठकीत लावला. यंदा माघात अमरावतीचे पाहुणे गोवर्धनला मुलगी द्यायची म्हणून घर पाहायला येणार होते. त्या सकाळी मी मळ्यातून आलो तर भिंत कोरी. फोटो नाही, खिळा नाही, भोकही नाही. हात फिरवला तर बोट ओलसर, अन् पेपरमिंटचा वास! आईने शिकवलेली युक्ती, अन् लेकाने त्याच युक्तीने आईला पुसलं. फोटो गुरांच्या कोठ्यात सापडला, सरकीच्या पोत्यामागे, तोंड भिंतीकडे करून.

"कावून रे?" म्हटलं, तर म्हणतो, "बाबा, मोठ्या घरचे लोक येऊन राह्यले. फोटो पाहून तिची मागची हकिकत विचारतीन. आई पाटाची होती हे त्याइले कावून सांगा?"

पाहुण्यांनी विचारलं, घरची बाई केव्हा गेली? गोवर्धन म्हणाला, "मी लहान होतो तवाच." अरे बेशरमा, कारकून झाल्यावर तुला मोठा ताप आला, तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? शकुन सासरहून मदतीला आली होती. तिने चहाचा ट्रे खाली ठेवला, कोठ्यात गेली आणि फोटो पदराने पुसत बैठकीत आली. "हे आमची माय. पाटाची होती," म्हणाली. पाहुण्यांनी फोटोला हात जोडले. सोयरीक जुळली. गोवर्धन तेव्हापासून बहिणीशी बोलत नाही.

पार्बताबाईचे तोडे शकुनला. मळा दोघांना अर्धा अर्धा; विहिरीकडची बाजू गोवर्धनला, कारण पोटच्याला मी उपाशी ठेवणार नाही. शेजारी रामराव माझी पहार आपली म्हणून वापरतो, ती परत आणावी.

मला खांदा द्यायचा असेल तर गोवर्धनने आधी त्याच भिंतीत, स्वतःच्या हाताने, सासरच्या लोकांसमोर खिळा ठोकून आईचा फोटो लावावा. नाही लावला तर त्याने माझ्या तिरडीला हात लावू नये. अग्नी शकुन देईल.

मुक्काम अकोट, तारीख ८ मार्च १९४१.

सही: सूर्यभान नत्थुजी निमकर्डे

साक्षीदार: जानराव भड, राहणार अकोट (सही)
खुशालराव बोचे, राहणार अकोट (अंगठा)

दस्त लिहिणार वामनराव देशपांडे: वरील मजकूर वाचून दाखवला. 'पाट' ऐवजी 'पुनर्विवाह' लिहू काय, असे मी विचारले. सूर्यभानजी म्हणाले, "ते पाटाचीच होती. आता तुमीबी लपवता काय तिले?" सबब शब्द आहे तसा ठेवला आहे.