वर्षाची ओटी

२९ ऑक्टोबर, बुधवार

शनिवार-रविवार माहूर. नक्की. वर्षाने रजा टाकली, माझीही टाकली. क्लासचे सर म्हणाले, "दोघी एकदम? मग पोरांचे डाउट कोण सोडवणार?" व. म्हणाली, "तुम्ही, सर." सर हसले. मी बोलले असते तर हसले नसते. मी बोललेच नसते.

व.ला चालायचंय. किल्ल्याची तटबंदी, सागाचं जंगल, अनसूयेचा डोंगर, सगळं पायी. महिन्याभरात लग्न, मग पुणे. "एकदा तरी आपल्या पायांनी कुठं जाऊ दे," म्हणाली.

घरी तिनं सांगितलंय की रेणुकेची ओटी भरायला चालले. त्यांच्यात लग्नाआधी भरतात. नुसतं डोंगर चढायला म्हटलं असतं तर तिच्या आईनं, काकूंनी, सोडलं नसतं. मला असं जमत नाही. बाबांना फोन करून आहे तसं सांगितलं. आमच्या घरी भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आहेत. बाबांना वाचता येत नाही, पण सगळ्या पाठ. म्हणाले, "डोंगर बघून ये बाई. देवळात आपलं काय काम हाय? पाया पडू नको." म्हटलं, नाही पडणार.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

व. मुरुडच्या घरून ओटीचं सामान घेऊन आमच्या खोलीवर आली. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या, हळकुंड, खारीक. काकूंनी लाल फडक्यात बांधून दिलंय. आधी माझ्या पलंगावर ठेवलं, मग उचलून स्वतःच्या पलंगावर ठेवलं. माझ्या पलंगावर पुस्तकं होती, जागा नव्हती. हे मी का लिहून ठेवतेय.

मुरुडला तीनदा गेले. काकू प्रेमानंच वाढतात. स्वयंपाकघरात मात्र मी कधी गेले नाही. कुणी अडवलं नाही, मीच बाहेर बसते. पहिल्या वेळी काकूंनी आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. "बरं बरं, बस गं," म्हणाल्या. बस.

१ नोव्हेंबर, शनिवार. माहूर, धर्मशाळेची खोली

लातूर-नांदेड उभ्यानं. नांदेडहून जागा मिळाली. किनवटच्या पुढं झाडं सुरू झाली आणि व. खिडकीतून आत यायलाच तयार नाही.

दुपारभर किल्ला. सागाची पानं सुपाएवढी, वाळायला लागलेली, पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज. उन्हाला चटका नाही. सीताफळं पिकून फुटलेली. एका माकडानं व.चं अर्धं खाल्लेलं सीताफळ हातातून नेलं. तिनं त्याच्या खानदानाचा उद्धार केला. मी पोट धरून हसले. किती दिवसांनी.

तटावर बसलो. खाली तळं, पलीकडं डोंगरामागं डोंगर. व. म्हणाली, "पुण्यात मला कोण आहे गं?"

"नवरा असेल की."

"त्याला मी चारदा भेटले सुजे. तुला तीन वर्षं ओळखते." मग म्हणाली, "तू चार दिवस आधी यायचंस. सख्ख्या बहिणीसारखं."

मी हो म्हटलं. त्या वेळी माझ्या मनात दुसरं काहीच नव्हतं. आज एवढंच लिहिते. असे दिवस माझ्याकडं फार नाहीत.

२ नोव्हेंबर, रविवार. नांदेडच्या बसमध्ये

अक्षर हलतंय. हलू दे.

सकाळी व. न्हाणीतून आली ती रडतच. पाळी. आठ दिवस लवकर. ओटी परत न्यायची नाही म्हणून काकूंनी बजावलेलं, तशीच परत आणली तर संसाराला चांगलं नाही. "आता काय करू सुजे?" तीन-चारदा म्हणाली. "तू भर" असं एकदाही नाही.

पाया पडायचं नाही असं बाबांना सांगितलंय. पण नेऊन दिलं तर? हात न जोडता? पोस्टमन पत्र देतो तसं? पायऱ्यांपर्यंत जाताना मी मनात सगळं मांडून बघितलं. बाबांना नंतर सांगायचं, ते रागावतील ते ऐकायचं. तिच्यासाठी मी हे करणार होते. ठरलं होतं माझं. नीट लिहून ठेवते, नंतर मलाच खरं वाटायचं नाही.

पायऱ्यांच्या खाली हार-नारळाची दुकानं. तिथं धर्माबादची एक बाई चपला ठेवत होती. आमच्याशी बोलली ती एवढंच, की धर्माबादहून आलेय, गर्दी कमी हाय आज. व.नं पिशवीतून लाल फडकं काढलं. मी हात पुढं केला. खरंच केला.

व. त्या बाईकडं वळली. "ताई, माझी एवढी ओटी भराल का? मला अडचण आलीय."

"हाव की. दे बाई. लगीन हाय व्हय?" मग माझ्याकडं बघून, "अन् ही मैत्रीण हाय ना संगं? हिला का न्हाई दिली?"

"हिच्यात नसतं ताई."

"हां," बाई म्हणाली. मला वरून खाली बघितलं. फडकं घेतलं. गेली.

माझा हात तसाच होता. मी तो ओढणीकडं नेला, ओढणी सारखी केली. व. म्हणाली, "सवाष्णीच्या हातून बरं असतं." ती स्वतः भरणार होती तेव्हा ती कुठं सवाष्ण होती?

बाई परत आली. व.च्या हातात नारळाची वाटी आणि कुटलेला विडा दिला. मला म्हणाली, "तुला चालतो का गं?" मी घेतला. तोंडात टाकला, गिळला. का ते माहीत नाही. असं कुणी विचारलं नसतं तर नसता घेतला.

मग अनसूयेच्या वाटेनं चाललो, देवळात न जाता कडेकडेनं. तिच्या पोटात दुखत होतं म्हणून दोन्ही पिशव्या मी घेतल्या. चढावर काकूंचा फोन आला. तिच्या फोनचा कानातला आवाज गेलाय, स्पीकरवरच बोलावं लागतं. ती वळणापलीकडं गेली. डोंगरात आवाज कुठं अडतो.

"एक बाई होत्या आई, धर्माबादच्या."

"बरं. त्या पोरीच्या हातात न्हाई ना दिलीस?"

"नाही गं."

"शहाणी गं माझी बाई."

व. परत आली. म्हणाली, आई विचारत होती जेवलात का.

मी म्हटलं, सांगायचं ना, जेवलो.

पुढचे डोंगर कसे होते ते मला सांगता येणार नाही. मी पायांकडं बघत चालले. ती दोनदा म्हणाली, "बघ ना किती छान." मी बघितलं. काही दिसलं नाही.

आता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीय. खांदा अवघडलाय. हलवत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांना फोन. विडा खाल्ल्याचं सांगितलं. दोन दिवस सांगायचं राहिलं होतं.

"पाया पडली का?"

"नाही."

"मग? खायच्या वस्तूचं काय एवढं!" हसले. मग, "वर्षाच्या लग्नाला म्या बी येतो. तुला परीक्षेत ताप आल्ता तवा रातभर बसली व्हती ती पोरगी. आहेर काय न्यावं?"

बाकीचं सांगायचं होतं. म्हटलं, आईला विचारा.

बसली होती हे खरं आहे. कपाळावरच्या पट्ट्या बदलत. ते हात आणि हे हात एकच. मला दोन्ही एकत्र धरता येत नाहीत. क्लासमध्ये आज पेशीविभाजन तीनदा चुकीचं सांगितलं. एका मुलीनं दुरुस्त केलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

विचारलं. कांदा चिरताना, तिच्याकडं पाठ करून.

"ओटी माझ्याकडं का नाही दिलीस?"

तिनं नळ बंद केला. मग, "तू नाहीच म्हणाली असतीस. तुमच्यात चालत नाही म्हणून तूच सांगतेस दरवेळी."

"विचारलं होतंस?"

"नाही."

"मी हात पुढं केला होता."

"बघितला," म्हणाली.

मला वाटलं होतं बघितला नसेल. पाच दिवस त्यावरच होते मी.

"काकूंचं बोलणं मी ऐकलं."

ती खाली बसली. "मग काय करायला पाहिजे होतं? तुझ्या हातून भरली असती, आईनं विचारलं असतं. खोटं सांगायचं होतं?"

"खरं सांगायचं."

"तुझं बरंय सुजे. तुला खरं बोलायचं असतं, मग दुसऱ्याच्या घरात काय व्हायचं ते होऊ दे. लग्न मोडलं असतं आईनं? नाही. पण माझ्या संसारात पुढं काहीही झालं असतं तर तुझं नाव निघालं असतं. जन्मभर. ते चाललं असतं तुला?"

ती मला वाचवत होती? की स्वतःला? की तिलाही वाटतं की माझ्या हातानं काही होईल? हा शेवटचा प्रश्न विचारायचा होता. तिनं हो म्हटलं तर काय, म्हणून नाही विचारला. नाही म्हटली असती तरी मी विश्वास ठेवला असता का?

भाजी करपली. दोघींनी खाल्ली.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळपासून तीनच वाक्यं. पाणी आलंय. गॅस बंद केलास का? हो.

असंही वाटतं की मीच मोठं करतेय. काय झालं असं? एक फडकं एका बाईकडं गेलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकललं नाही. पोलिसात सांगण्यासारखं काही नाही, आईला सांगण्यासारखंसुद्धा नाही. तरी डोक्यातून जात नाही. एवढं शिकले, घरातली पहिली, आणि "हां" एवढ्या एका शब्दानं कुठल्या कुठं.

९ नोव्हेंबर, रविवार

व. मुरुडला गेली. तिचा भाऊ जीप घेऊन आला होता. गादी, कुकर, आरसा. कुकर दोघींचा होता, तो ठेवून जात होती, मीच जीपमध्ये ठेवला.

जिन्यात तिनं मला मिठी मारली. कानाशी म्हणाली, "हळदीला ये. आईला मी सांगितलंय, सुजी माझ्या शेजारी बसणार म्हणून."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही म्हणाली." मग थांबून, "तू नाही आलीस तरी मी समजून घेईन."

भाऊ हॉर्न वाजवत होता. ती गेली.

काकू काही नाही म्हणाल्या म्हणजे बरं म्हणाल्या, की गप्प राहिल्या? आणि नाही आले तरी समजून घेईन, म्हणजे ये म्हणते, की येऊ नकोस म्हणते? दिवसभर हेच. खोलीभर फिरता येतं आता, एवढी जागा झालीय.

संध्याकाळी बाबांचा फोन. नायगावला जाऊन पांढऱ्या शर्टाचं कापड टाकून आले शिवायला. आईनं साडी निवडलीय व.साठी, मोरपंखी. आवडेल का म्हणून विचारत होते. म्हटलं, आवडेल. आवडेलच, ते मला माहीत आहे.

"मुरुडला कवा निघायचं ते तेवढं सांग. म्या काम सांगून ठिवतो मुकादमाला."

"सांगते बाबा," म्हटलं.

"आताच सांग की."

मी कॅलेंडरवर हळदीच्या तारखेवर बोट ठेवलं. फोन चालू होता.